दोन्ही उजवीकडचे

ओतिलिया असोफेइफा माणसांना सहसा ‘नाही’ म्हणायची आणि बैलांना ‘अहो’. या डोंगरात बैलांशी सगळेच अहो-जाहोनं बोलतात, त्यात नवल काही नाही. पण ओतिलियाच्या घरात बैलांखेरीज तसं म्हणायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिची थट्टा व्हायची. लग्नाचं विचारायला दोघे येऊन गेले होते. एकाला गोठ्याचा वास सहन होईना. दुसरा म्हणाला, लग्न झालं की बैल मी हाकीन, तू घर बघ. दोघांनाही तिनं कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. त्याचं तिला कधी वाईट वाटल्याचं कुणी पाहिलं नाही.

पिएद्रा ब्लांका गाव उभ्या चढावर वसलेलं आहे. वर देऊळ, खाली नदी, मधे कॉफीचे मळे, आणि स्वच्छ दिवशी पार खाली दरीत राजधानी सान होसेची छपरं. ट्रक जिथे नाक घासतो तिथे ओतिलियाची गाडी जायची. नदीची वाळू, कॉफीची पोती, कुणाच्या घराची कौलं, कधी हौसेनं गाडीतून देवळात जाणारी नवरी. अलीकडे परदेशी पाहुणेही. ते गाडीत बसून हसत राहतात आणि उतरल्यावर कंबर चोळतात.

गाडी वडिलांची, तोबियास असोफेइफांची. चाकांना आरे नाहीत, लाकडाच्या पाचरी एकमेकींत ठोकून केलेली भरीव चाकं. त्यांवर केशरी रंग आणि त्यात निळ्या-पांढऱ्या पाकळ्या. आसाच्या टोकाला लोखंडी कडी असते, चाक फिरलं की ती ठोके देते आणि गाडी गाते. प्रत्येक गाडीचा ठोका निराळा. पिएद्रा ब्लांकात लोक गाडी बघत नाहीत, ऐकतात. असोफेइफांची गाडी वळणावर आली की दुकानातली फिदेलिना मान वर न करता फडक्यात कॉफीची पूड घालते आणि वर गरम पाणी ओतते. गाडी दारात येईपर्यंत पेला तयार.

ओतिलियाला एक मोठा भाऊ होता, एफ्राइन. बैल हाकायची टोकदार काठी, पराणी, आधी त्याच्याच हातात दिली गेली होती, तो थोरला म्हणून. त्यानं आवाज दिला, पराणी उगारली, पण बैल ढिम्म. मग वडिलांनी गंमत म्हणून ती दुधाचे दात पडणाऱ्या ओतिलियाच्या हातात दिली, आणि बैल चालायला लागले. वडील पोट धरून हसले. एफ्राइन हसला नाही. त्या दिवसापासून त्याच्याकडे दगड आला. चढावर बैल दम घ्यायला थांबले की कुणीतरी मागच्या बाजूनं चाकाखाली दगड सरकवावा लागतो, नाहीतर भरली गाडी बैलांसकट मागे येते. एफ्राइनचं सगळं बालपण गाडीमागे धूळ खात, दगड उचलून चालण्यात गेलं. रस्त्यात भेटणारा प्रत्येकजण पुढे पराणी घेऊन चालणाऱ्या पोरीला रामराम करायचा. दगडवाल्याला कोण विचारतो.

मोठा झाल्यावर त्यानं दगड टाकला तो टाकलाच. मिनीबस घेतली आणि पाहुण्यांना ज्वालामुखी, धबधबे दाखवायला लागला. वाटेत पिएद्रा ब्लांकाच्या चढावर बस थांबवून तो सांगायचा, “ही माझ्या वडिलांची गाडी.” बहिणीचं नाव घ्यायचा नाही.

तोबियास म्हातारे होऊन खाटेला टेकले तेव्हा त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, “गाडीची वाटणी करायची नाही. दर वर्षी मार्चमधे गाडीवाल्यांच्या रविवारी जो आपल्या स्वतःच्या जोडीनं ती देवळापर्यंत नेईल, गाडी त्याची. उसनी जोडी चालायची नाही. ज्या वर्षी कुणीच नेणार नाही त्या वर्षी ती एफ्राइनची, मग त्यानं तिचं काय वाटेल ते करावं.” म्हाताऱ्याला वाटलं असेल, यानं मुलगा पुन्हा बैलांकडे वळेल. मुलगा वळला नाही. दर मार्चला ओतिलिया गाडी वर नेत राहिली, पाद्रीबाबा जोडीवर पवित्र पाणी शिंपडत राहिले, आणि एफ्राइन देवळाच्या पायऱ्यांवरून हाताची घडी घालून बघत राहिला.

मग ऑक्टोबरात, पाऊस नुसता ओतत असताना, मळ्याकडची दरड सुटली आणि लुसेरो बैल दरडीबरोबर घळीत गेला. ओतिलियाची जोडी म्हणजे कानेलो आणि लुसेरो, दोघे दालचिनीच्या रंगाचे, एकाच वर्षी जुंपलेले. ती घळीत उतरली तेव्हा लुसेरोचा श्वास चालू होता. ती चिखलात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, तो संपला तरी बसून राहिली, आणि घरी येऊन ढसाढसा रडली. आपलं रडणं कुणी ऐकतंय का याची तिनं पर्वा केली नाही. गोठ्यात कानेलो रिकाम्या बाजूला मान वळवून उभा होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी एफ्राइन आला. त्यानं ओसरीवर बसून गुळाचं गरम पाणी घेतलं, पावसाबद्दल बोलला, मग मुद्द्यावर आला.

“ओति, एका बैलानं गाडी चालत नाही.”

“मला बैल शिकवायला आलास?”

“ऐकून तर घे. पलीकडच्या टेकडीवर ते नवं हॉटेल झालंय ना, त्यांना गाडी हवी आहे. दारातच ठेवणार. आत अननस, केळी भरून. पाहुणे फोटो काढतील. आणि त्यांच्या सगळ्या सहली मला मिळतील. माझी बस आता खोकायला लागली आहे, तुला माहीत आहे.”

“गाडीत केळी?”

“केळीच तर. विंचू थोडेच भरणार आहेत.”

“आणि कानेलो?”

एफ्राइननं पेल्यात बघितलं. जोडीदार गेलेल्या म्हाताऱ्या बैलाचं काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. त्याला विकत घेणारा एकच असतो, आणि तो सुरी घेऊन येतो.

“मार्च लांब आहे,” ओतिलिया म्हणाली. “तुझ्या हॉटेलवाल्याला सांग, अननस झाडावरच राहू दे.”

ख्रिसमसचे केळीच्या पानात उकडलेले तामालेस खाऊन झाले, पाऊस गेला, आकाश निळं झालं, आणि ओतिलिया बैल शोधायला निघाली. इथे जोडी म्हणजे नुसते दोन बैल नव्हेत. रंग एक, शिंगांचा बाक एक, उंची एक, बघणाऱ्याला पाण्याचे दोन थेंब वाटले पाहिजेत. विजोड जोडी घेऊन रविवारी वर गेलेल्या माणसाची टर पुढचा मार्च येईपर्यंत उडत राहते. ओतिलियानं डोंगरापलीकडची गावं पालथी घातली. कुठे रंग जमे तर शिंग वाकडं, शिंग जमे तर रंग पांढुरका. शेवटी म्हाताऱ्या नासारियोच्या गोठ्यात तो उभा होता, मोसो. तीच दालचिनी, तोच शिंगांचा बाक, कपाळावर तसाच भोवरा. ती भुललीच. तिनं दात बघितले, खूर उचलून बघितले, छातीला कान लावून श्वास ऐकला. आपली दुभती गाय वासरासकट देऊन ती मोसोला घेऊन आली. वाटेत तिला पहिल्यांदाच हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जू काढलं. इथे जू खांद्यावर नसतं, शिंगांच्या मागे बसतं आणि चामड्याच्या वादीनं शिंगांनाच करकचून बांधतात, त्यामुळे एकानं मान हलवली की दुसऱ्याला कळतं. आणि प्रत्येक बैलाची बाजू ठरलेली, लहानपणी जी लागली ती जन्माची. कानेलो उजवीकडचा. मोसोला तिनं डावीकडे आणलं. तो कानेलोच्या मागून फिरून उजवीकडे जाऊन उभा राहिला. पुन्हा आणलं, पुन्हा तेच. मग ओतिलियाचा हात वादीवरच थांबला. रंग बघितला होता, शिंगं बघितली होती, भोवरासुद्धा बघितला होता. बाजू विचारलीच नव्हती.

ती तशीच उठून डोंगर ओलांडून नासारियोकडे गेली.

“उजवीकडचा आहे तो,” ती म्हणाली.

“आहेच. त्याचा जोडीदार गेल्या वर्षी गेला. मला वाटलं, तुमचा डावीकडचा राहिला असेल.”

“विचारायचं नाही?”

“ओतिलियाबाई, तुम्ही बैल घ्यायला आलात. तुम्ही विचारलं नाही, आणि तोबियासच्या मुलीला बाजू विचारायची माझी काय टाप?”

त्याच्याकडे दुसरा बैल नव्हता आणि तिच्याकडे दुसरी गाय.

बातमी संध्याकाळपर्यंत दुकानात पोचली. फिदेलिना मैत्रीण असली तरी अशी संधी सोडणारी नव्हती. “काय गं, एका म्यानात दोन तलवारी घालायला निघालीस म्हणे?” बाकावर बसलेले गाडीवाले हसले. एकजण म्हणाला, “ताई, रस्त्यालाच सांगा डावीकडे सरकायला.” ओतिलियानं कॉफी संपवली, पेला पालथा घातला आणि म्हणाली, “हसून घ्या. रविवारी तोंडात धूळ जाईल तेव्हा हसता येणार नाही.”

आधी तिनं मोसोवर प्रयत्न केले. तरणा आहे, शिकेल, असं सगळेच म्हणत होते. डावीकडे जुंपलं की मोसो पुढचे गुडघे टेकून खाली बसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. गोंजारलं, गूळ दिला, रागावली, पराणीचं टोकही लावलं. तो बसलेलाच. त्याच्याबरोबर कानेलोची मान वाकायची आणि तो बिचारा तसाच वाकून उभा राहायचा. पोरो झाडं केशरी फुलांनी भरून गेली, कॉफीची तोडणी संपली, आणि गाडी अंगणातून हलली नव्हती.

एका दुपारी ती ओसरीवर बसून दोघांकडे बघत होती. तेव्हा तिच्या मनात आलं, की आपण चुकीच्या विद्यार्थ्याच्या मागे लागलो आहोत. मोसोला एकच गोष्ट येते, ती काढून घेतली तर त्याच्याजवळ काय उरणार. नवं शिकायचं तर ज्याला बरंच येतं त्यानंच शिकावं. ती उठली आणि कानेलोच्या कानाशी गेली.

“अहो, तुम्हीच सरका. तुम्ही मोठे आहात.”

कानेलोला डावीकडे बांधलं. तो नुसता उभा राहिला. मोसो आपल्या उजव्या बाजूला लागल्याबरोबर शहाण्यासारखा चालायला लागला. गाडी अंगणाबाहेर पडली आणि कडीनं ठोका दिला. पण शंभरेक पावलं गेली नाहीत तोच कानेलो उजवीकडे रेटायला लागला. रेटता रेटता त्यानं मोसोला आणि गाडीला शेजाऱ्याच्या कुंपणात नेऊन घातलं. दुसऱ्या दिवशी तेच. सपाटीवर तिनं पुढे होऊन सांभाळून घेतलं तर निभायचं, चढ लागला की गाडी तिरकी. म्हाताऱ्याला जुनी बाजू सुटत नाही, ती म्हणायची, आणि पुन्हा जुंपायची. कुंपणं मोडत होती, ती संध्याकाळी जाऊन नवे खांब पुरून येत होती. एका दिवसाचीही सुट्टी तिनं स्वतःला दिली नाही, बैलांना मात्र रविवारची दिली.

गाडीवाल्यांच्या रविवारच्या दोन दिवस आधी एफ्राइन पुन्हा आला. नव्या खांबांची रांग बघून तो म्हणाला, “सगळ्या गावाची कुंपणं नवी करून देणार वाटतं.”

“घोडामैदान जवळ आहे. बघ काय होतं ते.”

“ओति, भर गर्दीत हसं होईल. चढावर गाडी अडली तर मागच्या सगळ्या गाड्या अडतील. मी हॉटेलवाल्याला सोमवारी ट्रक आणायला सांगितलंय.” जरा थांबून तो म्हणाला, “कानेलो तुझ्याकडेच राहू दे. वैरणीचं मी बघतो.”

“वैरण माझी मी कापते,” ओतिलिया म्हणाली. “आणि ट्रक रिकामा जाईल.”

रविवारी सकाळपासून खालच्या मैदानात गाड्या जमल्या. बायकांनी कडक इस्त्रीचे झगे घातले होते, बैलांच्या कपाळांवर रंगीत गोंडे होते, बँडवाले गालफडं फुगवत होते. एकामागून एक गाड्या निघाल्या आणि सगळ्या ठोक्यांचा मिळून एक कल्लोळ उठला. लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे होते. ओतिलिया वडिलांची चिंध्या झालेली टोपी घालून, पराणी खांद्यावर टाकून बैलांच्या पुढे, रस्त्याच्या उजव्या अंगानं चालत होती. सपाटीवर सगळं ठीक चाललं. फिदेलिनानं दुकानातून हात केला, आणि आज टोमणा मारला नाही.

देवळाआधीचा शेवटचा चढ लागला. तिथे पोरांनी फटाके लावले. मोसो दचकला, त्याच क्षणी कानेलोनं उजवीकडे रेटलं, जू तिरकं झालं, आणि दोघेही थांबले. गाडी रस्त्यात आडवी. ओतिलियानं आवाज दिला, पराणी जुवावर ठोकली. कानेलो आणखीच उजवीकडे वळला. कुणीतरी शीळ घातली. मागचे गाडीवाले ओरडायला लागले. मग लाकूड करकरलं आणि गाडी मागे यायला लागली. बैलांचे खूर दगडांवर घसरू लागले. तिनं दोन्ही हातांनी जू धरलं, पण गाडीपुढे माणसाचं बळ किती. सगळं संपलं, असं तिला आतून कळलं, आणि तरी तिनं जू सोडलं नाही.

गाडी जागच्या जागी थांबली.

तिनं वाकून बघितलं. चाकाखाली मागच्या बाजूनं हा एवढा दगड होता. त्याच्यापाशी एफ्राइन गुडघ्यांवर बसला होता, पांढऱ्या शर्टाला धूळ लागलेली, तोंड रागानं लाल. तो पायऱ्यांवरून कधी धावत आला हे त्यालाही सांगता आलं नसतं. एक श्वासभर हात खिशात ठेवले असते तर गाडी त्याची होती.

“तिथे काय उभी आहेस?” तो ओरडला. “तो तुझ्याकडे येतोय!”

“काय?”

“कानेलो! जन्मभर तू त्याच्या डोळ्यासमोर चाललीस. आता त्याला डावीकडे बांधलंस आणि तू राहिलीस उजवीकडेच. तो बाजू शोधत नाहीये, तुला शोधतोय. डावीकडे जा.”

ओतिलिया उभी राहिली. इतक्या आठवड्यांत तिनं दोन्ही बैलांच्या बाजू बघितल्या होत्या, आपली बघितली नव्हती. आपण कुठून चालतो हे पुढे चालणाऱ्याला दिसत नाही, ते मागून दगड घेऊन येणाऱ्याला दिसतं. ती बैलांच्या पुढून वळसा घालून डावीकडे गेली. पाय अडखळले, पराणीसुद्धा दुसऱ्या खांद्यावर परकी वाटली. कानेलोनं नाक पुढे करून तिच्या बाहीला लावलं आणि मान सरळ केली.

“चला,” ती त्याला म्हणाली. “अहो, चला आता.”

जू सरळ झालं. कानेलोनं खूर रोवले, मोसो त्याच्याबरोबर वाकला, कडीनं एक ठोका दिला, मग दुसरा. गाडी दगडापासून सुटली आणि वर निघाली. बाजूचे लोक टाळ्या वाजवायला लागले, पण ओतिलियानं मान वळवली नाही. मागून कुणाच्या तरी बुटांचा आवाज तिला देवळापर्यंत ऐकू येत होता. चढावर ती दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा चाकाखाली दगड बसल्याचा तोच जुना बद्द आवाज आला. तिला वडिलांची आठवण झाली, आणि मग भावाची, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या त्या पोराची. त्याला पुढून कुणी कधी पाहिलंच नव्हतं, तिनंही नाही. तिला मनापासून वाईट वाटलं.

पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं. मोसो शिंकला. हॉटेलवाला कडक टोपी घालून पायऱ्यांपाशी उभाच होता. त्यानं एफ्राइनला विचारलं, “मग, ट्रक उद्या सकाळीच पाठवू ना?”

एफ्राइनच्या दोन्ही हातांत दगड होता. त्यानं हॉटेलवाल्याकडे बघितलं, मग गाडीकडे.

“नका पाठवू. गाडी पोचली.”

“अहो, पण तुमच्या सहली?”

“त्या गेल्या,” एफ्राइन म्हणाला. “पाहुण्यांना गाडी बघायची असेल तर चढावर आणा. तिथे ती गाते.”

हॉटेलवाला खांदे उडवून निघून गेला. भाऊ-बहीण गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले. ओतिलिया कानेलोचा गोंडा नीट करत बसली. शेवटी एफ्राइननं शर्ट झटकला आणि दगड टाकायला रस्त्याच्या कडेला वळला.

“ठेव तो,” ओतिलिया म्हणाली. “उतरायचं आहे अजून.”